एक्स-रे नॉर्मल आला, गुडघा मात्र निसटतोय: खुबा, गुडघा, घोटा दुखावल्यावर काय करायचं

मंडळाच्या मैदानावर बायकांची कबड्डी होती. चढाईवर मी. बोनसची रेघ गाठून परत फिरायचं म्हणून डावा पाय रोवला, अंग उजवीकडे वळवलं आणि गुडघ्यात ‘टक्’ झालं. मला कुणी पकडलं नव्हतं, कुणाचा हातही लागला नव्हता. दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला. दवाखान्यात एक्स-रे काढला, ‘नॉर्मल आहे, पंधरा दिवस आराम करा’ असं सांगितलं आणि क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. तीन आठवड्यांत सूज उतरली, दुखणंही गेलं. मी खूश.

मग आठ महिने गेले. अधूनमधून वळताना गुडघा ‘निसटल्यासारखा’ व्हायचा. मी म्हणायची, अशक्तपणा असेल. एके दिवशी एसटीच्या पायरीवरून उतरताना तो खरोखरच निसटला आणि परत सरळच होईना. एमआरआयमध्ये कळलं की लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी दोरी, आठ महिन्यांपूर्वीच फाटलं होतं, आणि आता त्याच्या जोडीला गुडघ्यातली गादीही फाटली होती. तुमचे असे आठ महिने वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. ऑपरेशन आणि जवळजवळ वर्षभराची फिजिओथेरपी यातून गेलेली पेशंट आहे, त्यामुळे गुडघ्याबद्दल जास्त बोलणार आणि खुब्याबद्दल कमी.

१. आधी सांधे ओळखून घ्या

हे टाळू नका. शरीररचना कळली की डॉक्टरांचं बोलणं निम्मं तरी समजतं आणि नीट प्रश्न विचारता येतात.

खुबा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कंबरेच्या हाडातल्या खोल उखळीत बसलेलं असतं. हा सांधा पक्का आहे, सहजासहजी निखळत नाही. निखळला तर बहुतेक वेळा गाडीचा अपघात झालेला असतो. म्हाताऱ्या माणसांत मात्र सांधा निखळण्याऐवजी त्याच्याजवळचं हाडच मोडतं. आणखी एक गंमत अशी की खुब्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. लहान मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल आणि गुडघ्यात काहीच सापडत नसेल, तर खुबा तपासायला सांगा.

गुडघ्याला त्याच पुस्तकात बिजागरीचा सांधा म्हटलंय. ते अर्धंच खरं आहे. दाराची बिजागरी फक्त उघडते आणि मिटते, गुडघा थोडा पिळतोही, आणि सगळी गडबड त्या पिळण्यात आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे असतात आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. पाटावर दोन लिंबं ठेवा आणि पाट हलवा, म्हणजे गुडघ्याची अडचण लक्षात येईल. हाडांच्या आकारामुळे तो टिकत नाही, दोऱ्यांमुळे टिकतो. या दोऱ्या म्हणजे अस्थिबंध, पण सगळे लिगामेंट म्हणतात म्हणून मीही तेच म्हणेन. मुख्य चार आहेत. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक, आणि सांध्याच्या पोटात फुलीसारखी एकमेकींना ओलांडणारी दोन. त्या फुलीतलं पुढचं ते एसीएल. नडगी पुढे सरकू न देणं आणि पिळाला आवर घालणं हे त्याचं काम. मागचं पीसीएल नडगीला मागे जाऊ देत नाही. वाकलेल्या गुडघ्यावर जोरात आपटलं, म्हणजे बाईकवरून पडलं किंवा मोटारीचा डॅशबोर्ड लागला, की ते फाटतं.

लिंबं आणि पाट यांच्यामध्ये दोन चंद्रकोरी गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. भार पसरवणं हे त्यांचं काम. गादीच्या फक्त बाहेरच्या काठाला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. म्हणून काठावरची फाट शिवली तर जुळू शकते, आतली सहसा जुळत नाही. पुढे वाटी आणि वाटीला वर ओढणारा मांडीचा चौपदरी स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स. हे नाव लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

घोट्यात नडगी आणि तिच्या शेजारचं बारीक हाड मिळून एक चिमटा तयार होतो आणि त्यात टॅलस नावाचं हाड बसतं. टॅलस पुढे रुंद आणि मागे अरुंद असतो. पाऊल खाली झुकलं की चिमट्यात अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. गड चढताना सहसा कुणाचा पाय मुरगळत नाही, उतरताना मुरगळतो, त्याचं हे एक कारण. उंच टाचांचंही तेच. शिवाय बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खालपर्यंत आलेला असतो, त्यामुळे पाऊल आत वळणं सोपं आणि बाहेर वळणं अवघड. म्हणून मुरगळलेल्या दहातल्या बहुतेक पायांत बाहेरच्या बाजूची लिगामेंट ताणली जातात, आणि त्यातही सगळ्यात आधी पुढचं.

२. कसं लागलं ते त्याच दिवशी लिहून काढा

मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल. तिसऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचता पोहोचता आपली गोष्ट बदललेली असते. माझी बदलली होती. लिहायचं काय?

पाय रोवलेला होता की हवेत? धक्का लागला की नाही? एसीएल बहुतेकदा धक्का न लागताच फाटतं, थांबताना, वळताना, उडी मारून उतरताना. आवाज आला का? खेळ पुढे चालू ठेवता आला का? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सूज किती वेळात आली. दोन-तीन तासांत गुडघा फुगला तर आत रक्त साठलंय असं समजतात, आणि मग एसीएल, वाटी निखळणं किंवा हाडाची चीर यांचा संशय येतो. रात्री ठीक आणि सकाळी उठल्यावर सूज असेल तर गादीचा संशय जास्त. गुडघा अडकतो आणि सरळच होत नाही, तर गादीचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो. वळताना निसटतो, तर एसीएल. टाचेच्या वर मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि मागे वळून पाहिलं तर कुणीच नाही, तर टाचेची जाड शीर, म्हणजे अकिलिस टेंडन, तुटली असण्याची शक्यता मोठी आहे. ते लोक चालत घरीही जातात आणि म्हणूनच फसतात.

माझ्या पहिल्या केसपेपरवर फक्त ‘गुडघेदुखी’ असं लिहिलं होतं. ‘अमुक तारखेला खेळताना पाय पिळून इजा’ असं लिहून घेतलं असतं तर पुढे विम्याच्या वेळी माझे तीन हेलपाटे वाचले असते.

३. पहिले दोन-तीन दिवस

चोळू नका. हे मोठ्यानं सांगतेय, कारण पाय मुरगळला की घरातलं कुणीतरी तेलाची वाटी घेऊन येतंच. आत रक्तस्राव चालू असताना रगडून मालिश केली की सूज वाढते. ‘शीर चढलीय, बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडून झटका मारून घेणं त्याहून वाईट. हाडाला चीर असेल तर ती सरकते. आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर कातडी फुटलेली नाही ना ते पाहा आणि हलक्या हातानं लावा. आजीचं मन मोडायची गरज नाही.

आराम, बर्फ, दाब आणि पाय उंचावर हा जुना चौकडा डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडला. पुढे त्यांनीच बर्फाबद्दल आणि पूर्ण आरामाबद्दलचं मत बदललं. हल्ली बर्फाचा उपयोग मुख्यतः दुखणं कमी करण्यापुरता धरतात. फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. थेट कातडीवर ठेवला तर भाजल्यासारखा डाग पडतो. क्रेप बँडेज पावलाकडून वर गुंडाळत जायचं. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडायचं. पाय उशीवर ठेवा. बोटं आणि घोटा हलवत राहा, नाहीतर पोटरी आखडते. दारू नको. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः अॅसिडिटी, किडनीचा किंवा दम्याचा त्रास असेल तर.

४. यातलं काही असेल तर घरी थांबू नका

- पाय वेडावाकडा दिसतोय, किंवा पाऊल थंड आणि पांढुरकं पडलंय. गुडघा पूर्ण निखळला तर गुडघ्यामागच्या लवणीतल्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. तो कधी कधी आपोआप जागेवर येतो आणि फोटोत साधाच दिसतो, म्हणून पावलाची नाडी तपासून घ्याच.
- अपघातानंतर मांडी आत वळलेली, पाय आखूड आणि हलवता येत नाही. हा खुबा निखळलेला असू शकतो आणि तो सहा तासांच्या आत बसवायचा प्रयत्न असतो, कारण हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा धोक्यात असतो.
- वयस्क माणूस घरात साधं घसरून पडलं, उठता येत नाही, पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेलं. ‘उद्या बघू’ नको. खुब्याजवळचं हाड मोडलं असेल तर ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं लागतं, अंथरुणात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो.
- नडगीला मार लागल्यावर वेदना वाढतच चाललीय, पोटरी दगडासारखी टणक झालीय आणि गोळीनं काही फरक नाही.
- सांध्यावर उघडी जखम, किंवा सुजलेला सांधा गरम आणि सोबत ताप.

रस्त्यावरचा अपघात असेल तर कॅज्युअल्टीत एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद होऊ द्या. पोलिसांचं लचांड नको म्हणून ‘घरात पडलो’ सांगणारे नंतर विम्याच्या दाव्यात अडकतात.

५. तपासणी: एक्स-रेनं काय कळतं आणि काय नाही

साध्या एक्स-रेत हाड दिसतं. लिगामेंट आणि गादी दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे हाड मोडलेलं दिसत नाही, एवढंच. हे एक वाक्य मला कुणी त्या दिवशी सांगितलं असतं तर!

एक्स-रे लागतो का, याचे साधे निकष कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घोट्यासाठी मांडले आणि पुढे गुडघ्यासाठीही केले. घोट्यासाठी पाहायचं ते हे: दोन्हीपैकी एका घोट्याच्या हाडाचं टोक किंवा मागची कड दाबल्यावर दुखते का, पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो हाडाचा उंचवटा लागतो तो किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दुखतं का, आणि मार लागल्यावर लगेच व दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत का. यातलं एक जरी ‘हो’ असेल तर एक्स-रे काढा. लंगडत का होईना, चार पावलं पडली तर ती मोजली जातात.

खरी माहिती हातानं होते. आठ महिन्यांनी ज्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे गेले त्यांनी आधी चांगला गुडघा घेतला. तो वीस-तीस अंशांत वाकवला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढे ओढली. नडगी जराशी सरकली आणि खट्कन थांबली, दोरीला ताण बसावा तशी. मग डावा. तो सरकत गेला आणि शेवटी मऊसा कुठेतरी थांबला. ‘फरक कळला?’ मला खाटेवर पडल्या पडल्या कळला. या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात. मार लागल्याच्या दिवशी गुडघा इतका दुखतो आणि आवळलेला असतो की ती नीट होत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी, सूज जरा उतरल्यावर, परत दाखवायला जा. दुखायचं थांबलं असलं तरी जा. आजवर ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं त्यातले अर्धे गेले नाहीत.

एमआरआय मोठ्या चुंबकाच्या नळीत होतो. साधारण अर्धा तास, न हलता. पेसमेकर, शरीरातलं कुठलंही धातूचं रोपण किंवा डोळ्यात गेलेला लोखंडी कण असेल तर आधीच सांगा. कानात कापूस देतात, तरी ठोकठोक ऐकू येतेच. रिपोर्ट हातात पडला की गूगल करत बसू नका. चाळिशीनंतर ज्यांचा गुडघा कधी दुखलाच नाही अशांच्या एमआरआयमध्येही गादीची झीज दिसते. चित्र, हाताची तपासणी आणि तुमची तक्रार या तिन्हींचा मेळ बसला तर त्या रिपोर्टाला अर्थ.

६. घोट्याबद्दल थोडं

‘नुसतं मुरगळलंय’ यातला ‘नुसतं’ हा शब्द घातकी आहे. लिगामेंट ताणलं असेल तर बहुतेक वेळा प्लास्टर लागत नाही. घोट्याला ब्रेस लावून लवकर चालायला लागणं चांगलं ठरतं. पण लोक चालायला लागले की तिथेच थांबतात. लिगामेंटमध्ये सांध्याची जाणीव मेंदूला कळवणाऱ्या नसा असतात, त्याही दुखावतात. त्या परत शिकवल्या नाहीत तर तोच पाय वर्षातून चारदा मुरगळतो. उपाय फुकट आहे: दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहा. जमलं की डोळे मिटून, मग उशीवर उभं राहून. दोन-तीन महिने रोज.

दुखणं घोट्याच्या खाली नसून वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल आणि पाऊल बाहेर वळवल्यावर वाढत असेल, तर चिमटाच उसवलेला असू शकतो. त्याला बराच जास्त वेळ लागतो, कधी ऑपरेशनही. हे मुद्दाम सांगून तपासून घ्या.

७. ऑपरेशन करायचं की नाही

फाटलेलं एसीएल दिसलं की ऑपरेशन, असं समीकरण नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या लोकांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन असं ठरवलं. पाच वर्षांनी पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या जवळजवळ निम्म्यांना ऑपरेशन लागलंच नव्हतं, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांत सरासरी फारसा फरक नव्हता.

मग माझं का केलं? मला कबड्डी सोडायची नव्हती, रोजच्या चालण्यातही गुडघा निसटत होता आणि गादी शिवण्याजोगी होती. यातलं काहीच लागू नसेल, तुम्हाला सरळ चालणं, सायकल, पोहणं एवढंच हवं असेल, तर तीन महिने मनापासून फिजिओथेरपी करून मग ठरवा. फक्त निसटणारा गुडघा घेऊन दिवस ढकलू नका, दर निसटण्याला गादी चिरडली जाते. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर मात्र ते लवकरचं काम आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: नवी दोरी, म्हणजे फाटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचा स्नायुबंध, कुठून घेणार? सहसा मांडीच्या मागचे दोन स्नायुबंध, किंवा वाटीखालच्या पट्ट्याचा मधला भाग, किंवा वाटीच्या वरचा. प्रत्येकाचा तोटा विचारा. वाटीखालचा घेतला तर पुढे गुडघे टेकून बसताना दुखू शकतं, हे नमाज पढणाऱ्यांनी, फरशी पुसणाऱ्यांनी, पूजेला बसणाऱ्यांनी आधी सांगावं. गादी शिवणार की कापणार? शिवली तर पहिले काही आठवडे वाकवण्यावर आणि भार देण्यावर बंधन येतं, पण गुडघा पुढे जास्त टिकतो.

आणि घाई नको. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतरही आखडतो. गुडघा पूर्ण सरळ होतोय आणि मांडी आवळता येतेय इथपर्यंत आधी व्यायामानं यायचं.

८. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं एका फाइलमध्ये, तारखेनुसार:

- पहिला केसपेपर, इजा कशी झाली ते लिहिलेला
- एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, रिपोर्ट, सीडी
- आधार, पॅन, विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत, रद्द केलेला चेक
- चालू औषधांची आणि अॅलर्जीची यादी
- रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी
- दवाखान्याचं लेखी अंदाजपत्रक, त्यात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवलेली
- घरी येताना: डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, इम्प्लांटचं बिल आणि त्याचे स्टिकर, ऑपरेशनची नोंद

शेवटच्या ओळीतली ऑपरेशनची नोंद मागितल्याशिवाय मिळत नाही. गादी कुठे शिवली, दोरी किती जाडीची बसवली हे त्यातच असतं आणि फिजिओ पहिल्या दिवशी तेच विचारतो. कॅशलेस असेल तर पूर्वमंजुरीचा फॉर्म दोन-तीन दिवस आधी जाऊ द्या. गुडघ्याच्या काही आजारांना पॉलिसीत प्रतीक्षाकाल असतो आणि अपघाताला बहुधा सूट असते. केसपेपरवरची ती एक ओळ कामाला येते ती इथे. साहसी खेळ वगळलेत का तेही वाचा. बऱ्याच पॉलिसींत फिजिओथेरपीचे पैसे सहज मिळत नाहीत, तो खर्च वेगळा धरून ठेवा. सरकारी योजनेतून करायचं असेल तर अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का ते आधी विचारा.

घरात लागेल ते: कुबड्या, कमोड नसेल तर कमोड-खुर्ची, आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, आइसपॅक, जाड टॉवेल, शिंप्याचा टेप. कुबडीचा माथा काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवा आणि भार पंजांवर, काखेवर नाही. जिन्याचा मंत्र फिजिओनं शिकवला तो असा: वर जाताना चांगला पाय आधी, खाली येताना दुखरा पाय आधी.

९. ऑपरेशननंतर: खरं काम आता सुरू

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. नंतर दोन दिवस दवाखान्यात होते. तिसऱ्या दिवशी घरी फिजिओताईंनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, ‘टॉवेल दाब.’ मी दाबायला गेले. काही झालं नाही. मी माझ्याच मांडीकडे बघतेय, तिला सांगतेय, आणि ती कुणा दुसऱ्याची असल्यासारखी नुसती पडलेली. सांध्यात पाणी असलं की मेंदू क्वाड्रिसेप्स बंद करून ठेवतो. ताईंनी चांगल्या पायाला एकदा दाबायला लावलं, मग वाटीच्या वर बोटांनी टिचक्या मारल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिथली कातडी किंचित थरथरली. घरातल्या सगळ्यांना बोलावून ती थरथर दाखवली मी.

पहिल्या दोन आठवड्यांत तीनच गोष्टी: गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडी जागी करणं, सूज उतरवणं. सगळे जण ‘किती वाकतो?’ विचारतात. त्याआधी ‘सरळ होतो का?’ विचारा. टाचेखाली टॉवेल ठेवून गुडघा मोकळा सोडायचा, दहा मिनिटं, दिवसातून अनेकदा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं नाही, बरं वाटतं म्हणूनच नाही. पाच अंश जरी वाकडा राहिला तरी लंगडणं जात नाही.

ताप, टाक्यांतून पू, वाढती लाली दिसली तर फोन करा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर रक्ताची गाठ असू शकते, आणि तशात दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टी.

पुढचा सापळा दीड ते तीन महिन्यांचा. या काळात दुखत नाही, चालणं सुधारतं, लोक म्हणतात ‘अगदी पूर्वीसारखी दिसतेस.’ आणि याच काळात आतली नवी दोरी सगळ्यात कमजोर असते. बसवलेला स्नायुबंध आधी मऊ पडतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि मग हळूहळू तो लिगामेंटसारखा होतो. मी अडीचाव्या महिन्यात भाचीच्या बारशाला नाचणार होते. ताईंनी इतकं झापलं की मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या.

गादी शिवली असेल तर उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, मांडी घालून जेवणं हे काही महिने बंद. आमंत्रणाला जाताना ‘मला खुर्ची लागेल’ हे फोनवरच सांगायचं, तिथे जाऊन संकोचानं खाली बसायचं नाही.

महिन्यातून एकदा वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजा. माझा पहिला फरक साडेतीन सेंटिमीटर होता. तो कमी होत नसेल तर घरचे रबरबँडचे व्यायाम पुरत नाहीत, जिममधली वजनं लागतात. बायका इथे कचरतात. कचरू नका: त्याच खेळात पुरुषांपेक्षा बायकांचं एसीएल कितीतरी जास्त फाटतं, आणि मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंची ताकद हा त्यातला आपल्या हातातला भाग आहे.

१०. परत मैदानात

‘सहा महिने झाले, खेळ आता’ असं कुणी म्हणालं तर कॅलेंडर आणि परीक्षा दोन्ही दाखवा. नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला त्या दर महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यानं घटलेलं दिसलं. म्हणून नऊ महिन्यांच्या आत नाहीच. नऊ झाले तरी परीक्षा द्यायची: एका पायावर लांब उडी, त्याच पायावर सलग तीन उड्या, मांडीची ताकद मशीनवर. दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवा. पण आठ-नऊ महिन्यांत चांगला पायही अशक्त झालेला असतो, तेव्हा नुसत्या टक्केवारीवर भुलू नका. जमलं तर ऑपरेशनच्या आधीच चांगल्या पायाचे आकडे लिहून ठेवा. उडी मारून उतरतानाचा व्हिडिओ समोरून काढा. उतरताना गुडघा आत कोसळत असेल तर तुम्ही तयार नाही, उडी कितीही लांब पडो.

मी दहाव्या महिन्यात सरावाला गेले. पहिले तीन आठवडे नुसती सावलीची चढाई, पकड नाही. सरावाआधी फिफानं फुटबॉलपटूंसाठी बसवलेला ‘इलेव्हन प्लस’ हा वीसेक मिनिटांचा सराव करते. त्यात धावणं, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं हेच आहे, कबड्डीला चपखल बसतं. मंडळातल्या पोरी आधी हसल्या, आता अर्ध्या जणी करतात.

नी-कॅपबद्दल रोज कुणीतरी विचारतं. कापडाची नी-कॅप नव्या दोरीला वाचवत नाही, दुकानदार काहीही सांगो. मी घालते, मॅटवर गुडघा खरचटत नाही म्हणून.